फूड बँकेला काही द्यायचंय? आधी एवढी तयारी करा

सगळ्यात आधी फोन करा. पिशवी भरायच्या आधी, दुकानात जायच्या आधी, स्वयंपाकघरातलं कपाट उघडायच्याही आधी आपल्या जवळच्या फूड बँकेला, म्हणजे अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्थेला, फोन लावा आणि चार गोष्टी विचारून घ्या, सध्या काय संपलंय, काय जास्त झालंय, काय अजिबात घेत नाहीत, आणि सामान कुठल्या दिवशी किती वाजता आणून द्यायचं. ही यादी सारखी बदलत असते, त्यामुळे गेल्या वर्षीची माहिती धरून चालू नका. नको असलेल्या वस्तूलाही जागा लागते, ती वेगळी काढायला कुणीतरी तासभर उभं राहतं आणि कधीकधी शेवटी ती टाकायचा खर्चही त्यांनाच पडतो. म्हणून मला वाटतं की विचारून दिलेलं थोडंसं सामान, न विचारता नेलेल्या डिकीभर सामानापेक्षा जास्त कामाचं असतं.

मग घरातलं सामान काढा आणि प्रत्येक पॅकेटवरची तारीख बघा. 'बेस्ट बिफोर' ही क्वालिटीची तारीख, ती उलटून गेली म्हणून वस्तू लगेच खराब होत नाही आणि काही फूड बँका अशा वस्तू ठराविक मुदतीपर्यंत घेतातही, पण 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख आहे, ती गेली की विषय संपला, द्यायचं नाही. त्यातही अगदी उद्या संपणारं काही नेऊ नका, कारण तुम्ही दिलेलं पॅकेट आधी गोडाऊनला जातं, तिथे छाननी होते, मग बरेचदा छोट्या संस्थांकडे जातं आणि तिथून घरापर्यंत, ह्या सगळ्यात दिवस जातात. डबाबंद वस्तू हातात घेऊन नीट फिरवून बघा. फुगलेला, गळणारा, खोल गंजलेला किंवा कडेला नाहीतर जोडावर चेपलेला डबा बाजूला काढा, कारण आत जंतूंचं विष तयार झालेलं असू शकतं आणि ते वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही. फोडलेली पाकिटं, घरी बनवलेले पदार्थ, लेबल निघालेल्या बाटल्या, उरलेली औषधं, हे काही नको. लेबल का एवढं महत्त्वाचं, तर ज्याला शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी आहे त्याला आत काय आहे हे समजायचा तो एकच मार्ग असतो, म्हणून मोठ्या पोत्यातलं धान्य घरीच छोट्या पिशव्यांत भरून देऊ नका, कंपनीचं सीलबंद पॅकेटच द्या.

विकत घेऊन देणार असाल तर घेणाऱ्याच्या घराचा विचार करून घ्या. तिथे ओव्हन नसेल, फ्रीज नसेल, कदाचित डबा उघडायचं ओपनरही नसेल, म्हणून रिंग ओढून उघडणारे डबे, कमी गॅसमध्ये शिजणाऱ्या वस्तू, मध्यम आकाराची पाकिटं बरी पडतात. काच शक्यतो टाळा, फुटली तर आजूबाजूचं सगळंच टाकावं लागतं. आणि प्लीज, सॅनिटरी पॅड, डायपर, साबण, टूथपेस्ट हे घेतात का ते नक्की विचारा, लोकांना फूड बँक म्हटलं की फक्त धान्य आठवतं, पण महिना ओढून नेणाऱ्या घरात या वस्तू सगळ्यात आधी बंद होतात. बाळाच्या दुधाच्या पावडरबद्दल मात्र आधी विचारूनच घ्या, कारण तिचे नियम बऱ्याच ठिकाणी कडक असतात.

कार्यक्रमातलं शिजवलेलं अन्न द्यायचं असेल तर त्याची तयारी कार्यक्रमाच्या आधीच, संपल्यावर नाही! बऱ्याच फूड बँका शिजवलेलं घेतच नाहीत, त्यासाठी वेगळ्या संस्था असतात, त्यांच्याशी दोन-चार दिवस आधी बोलून ठेवा. गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड 5 अंशांच्या खाली राहिलं पाहिजे, मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं देऊ नये, आणि उन्हाळा कडक असेल तर एकच तास धरा. ताटात वाढलेलं तर नाहीच नाही.

ऑफिसात किंवा शाळेत कलेक्शन करणार असाल तर बॉक्सवर 'काहीही द्या' लिहू नका, फूड बँकेने सांगितलेल्या चार-पाच वस्तूंची नावं मोठ्या अक्षरात लिहा आणि प्रत्येक टीमला किंवा वर्गाला एकेक वस्तू वाटून द्या, म्हणजे एकाच गोष्टीचा ढीग होत नाही. बॉक्स एका माणसाला उचलता येईल एवढाच भरा, जड वस्तू खाली, साबण आणि खायचं वेगळं, आणि गाडी कोणाची, नेऊन कोण देणार हे पहिल्याच दिवशी ठरवा कारण घोडं नेमकं तिथेच अडतं.

पैसे देणं अनेकांना कोरडं वाटतं पण तसं अजिबात नाहीये. फूड बँक घाऊक भावात घेते, बराच माल त्यांना कंपन्यांकडून फुकट मिळतो आणि खरा खर्च गाडी, डिझेल, कोल्ड स्टोरेज, भाडं यावर होतो, जो पाकिटांनी भागत नाही. जमलं तर छोटी रक्कम दर महिन्याला लावून द्या, म्हणजे त्यांना पुढचं प्लॅनिंग करता येतं. आणि 1967 मध्ये अमेरिकेत फिनिक्सला जॉन व्हॅन हेंगेल यांनी पहिली फूड बँक काढली ती दुकानं टाकून देतात त्या खाण्याजोग्या मालावरच, त्यामुळे तुमच्या ओळखीत दुकानदार, कँटीनवाले, शेतकरी कोणी असेल तर त्यांची फूड बँकेशी गाठ घालून देणं हीसुद्धा मोठी मदत आहे.

वेळ द्यायचा असेल तर सणासुदीला गर्दी असते, तेव्हा नाव नोंदवण्यापेक्षा मधल्या रिकाम्या महिन्यांचा एखादा वार पकडा. बंद शूज घाला, पाण्याची बाटली घ्या, छाननी कशी करायची ते तिथल्या माणसाकडून नीट समजून घ्या. ओझं उचलणं जमत नसेल तर हिशेब, डेटा एंट्री, फोन, ड्रायव्हिंग, काहीही सांगा, त्यांना सगळंच लागतं. वाटपाच्या ठिकाणी रांगेतल्या लोकांचे फोटो काढू नका, कोण का आलंय ते विचारू नका.

सामान पोचवून झालं की तिथेच उभ्याउभ्या पुढची तारीख मोबाइलमध्ये टाका, आणि त्याच्या दोन दिवस आधीचा एक रिमाइंडर, फोन करून आता काय संपलंय ते विचारायला.