तीन वर्षांचं अनुदान आणि जुनाट आजार

एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचा निकाल लागला त्याच आठवड्यात मी पुण्यात एका प्रकल्पाच्या मुलाखतीला गेले. क्षयरोग आणि मधुमेह दोन्ही असलेल्या रुग्णांवरचं काम होतं. मधुमेह असला की क्षय होण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट होते. ते का, हे पेशींच्या पातळीवर बघायचं होतं. मॅक्रोफेज, इंटरफेरॉन गॅमा, प्रायमर असं सगळं विचारून झालं आणि शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" असं म्हणाले. मी मान हलवून नाही म्हटलं. आता कोणी ज्युनिअर मुलाखतीला निघाली की मी तिला आधी हेच सांगते, की बाई, विचार. प्रकल्प मंजूर कधी झाला आणि त्यातला किती काळ उरलाय, एवढं तरी विचार. मी रुजू झाले तेव्हा तीन वर्षांच्या प्रकल्पातले चौदा महिने सरले होते. मला ते कळलं चार महिन्यांनी, स्टोअरमधल्या काकांकडून.

इथे पैसा दोन वाटांनी येतो आणि नवख्यांचा घोळ तिथेच होतो. सीएसआयआर-यूजीसी नेट किंवा डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) राष्ट्रीय परीक्षा देऊन मिळालेली फेलोशिप तुमच्या नावाची असते. दोन वर्षं जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो), मग आढावा होऊन एसआरएफ (सीनिअर), अशी साधारण पाच वर्षं चालते. प्रकल्पातली जेआरएफची जागा मात्र प्रकल्पाची. तो संपला की जागा संपली, तुमचा थीसिस कुठेही अडकलेला असो. आकडा दोन्हीकडे सारखा दिसू शकतो. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. आकडा सारखा म्हणून गोष्ट सारखी, असं समजू नका. मी प्रकल्पात राहूनच नेटचा अभ्यास केला. लाइफ सायन्सेसच्या पेपरात पार्ट सीच्या ७५ प्रश्नांतले २५ सोडवायचे असतात, प्रत्येकी चार गुण. सगळं वाचायच्या भानगडीत न पडता मी इम्युनॉलॉजी, सेल बायोलॉजी आणि मॉलिक्युलर बायोलॉजी घट्ट केलं. दुसऱ्या प्रयत्नात निघाली.

आणि हो, दोन्हीकडे पैसे वेळेवर येतीलच असं नाही. मला एकदा पाच महिने काहीच मिळालं नव्हतं, नंतर एकदम थकबाकी जमा झाली. तोवर मेसवाल्या मावशींनी वही चालवली. पहिल्या वर्षी मैत्रिणी दिवाळीची खरेदी करत असतील तेव्हा तुम्ही निदान चार महिन्यांचं भाडं बाजूला टाका.

आता कामाबद्दल. कॉलेजात ई. कोलाय वाढवलेला असतो. वीस मिनिटांत दुप्पट होणारा जंतू. संध्याकाळी लावा, सकाळी प्लेट भरलेली. क्षयाच्या जंतूला दुप्पट व्हायला वीस तासांच्या आसपास लागतात. लोवेनस्टाइन-जेन्सेनच्या त्या हिरव्या, अंडं घालून केलेल्या माध्यमावर कॉलनी दिसायला तीन ते सहा आठवडे जातात आणि 'काही उगवलं नाही' असं लिहायला आठ आठवडे थांबावं लागतं. मध्येच बुरशी आली तर पुन्हा पहिल्यापासून. एक प्रयोग तीनदा करायचा म्हटलं की निम्मं वर्ष गेलं. शिवाय बीएसएल-३ मध्ये, म्हणजे असे धोकादायक जंतू हाताळायच्या बंदिस्त प्रयोगशाळेत जायचं म्हणजे आधी प्रशिक्षण, मग कोणाच्या तरी देखरेखीखाली काही आठवडे, मग स्वतंत्र परवानगी. रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी पिपेट हातात येईल या आशेने मी गेले होते. पहिले दोन महिने मी एसओपी (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धती) वाचले, सह्या केल्या आणि रॅक धुतले.

जुनाट आजारांवर काम करणाऱ्याला हे गणित चुकवता येत नाही. पैसा तीन वर्षांच्या हिशेबाने येतो आणि आजार त्याच्या गतीने चालतो. ज्यांनी हे निभावलं त्यांचं काम बघायचं तर लांब जायला नको. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. बायकांची नोंद गरोदर राहण्याच्या आधीपासून, मग बाळाचं वजन-मापं, मग तीच मुलं सहा, बारा, अठरा वर्षांची झाली की पुन्हा तपासणी. ती बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास, हातपाय काटकुळे, पण अंगात चरबी मात्र राखलेली. आपल्याकडे बारीक माणसालाही मधुमेह का होतो, याचा एक धागा तिथून निघाला. पण हा धागा हाती यायला एक अनुदान पुरलं नाही. ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टच्या पैशावर सुरू झालेलं काम पुढे एकामागून एक अनुदानं जोडत चालू ठेवावं लागलं. अशा ठिकाणी मधल्याच वर्षी रुजू झालेल्याला पेपर लगेच मिळतो असं नाही, पण त्याला आयत्या वीस वर्षांच्या नोंदी मिळतात. गाईड निवडताना हे बघा. नव्या विषयाच्या चकाकीपेक्षा आधीच्या विद्यार्थ्यांनी नीट ठेवलेला फ्रीझर जास्त कामाचा.

फ्रीझरवरून आठवलं. मे महिन्यातला रविवार, उणे ऐंशीच्या फ्रीझरचा कॉम्प्रेसर बसला. अलार्म वाजत होता, पण ऐकायला मजल्यावर कोणी नव्हतं. सोमवारी दार उघडलं तेव्हा खालच्या दोन रॅकमधल्या नळ्यांत पाणी होतं. नशीब एवढंच, की सीनिअर ताईने मला पहिल्याच महिन्यात दटावून प्रत्येक नमुन्याचे दोन भाग दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये ठेवायला लावले होते. साध्या मार्करने नळीवर लिहू नका हेही तिचंच. हात अल्कोहोलचे असतात आणि नाव पुसलं जातं. नाव पुसलेलं रक्त टाकूनच द्यावं लागतं.

खरं शिक्षण झालं ते ओपीडीच्या बाहेरच्या बाकावर. संमतिपत्र मराठीत होतं, पण कोणत्या मराठीत? 'सदर संशोधनात आपला सहभाग ऐच्छिक असून' असलं. ते वाचून दाखवलं की समोरची आजी माझ्या तोंडाकडे बघायची. मग मी कागद खाली ठेवून सांगायला लागले: "आजी, रक्त दोन चमचे घेणार. द्यायचं नसेल तर नाही म्हणा, तुमची औषधं तशीच चालू राहतील." यावर हमखास एक प्रश्न यायचा. "यानं माझा आजार बरा होईल का गं?" नाही होणार. तुमच्या औषधाने होईल, माझ्या अभ्यासाने नाही. हे दर वेळी स्पष्ट म्हणायला जड जातं, पण ते न म्हणता घेतलेली सही मला खोटी वाटते. अंगठा घेताना प्रकल्पाबाहेरचा साक्षीदार लागतो, तोही घाईत वॉर्डबॉयला ओढून आणायचा नसतो.

आमचा सगळ्यात मोठा घोटाळा मात्र दिनदर्शिकेत होता. क्षयाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. आम्हाला रक्त हवं होतं सुरुवातीला, दुसऱ्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात. थंडीत नोंदवलेले बरेच रुग्ण साखर कारखान्यांवर आलेले ऊसतोड कामगार होते. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की एप्रिलपर्यंत सगळे आपापल्या गावी. सहावा महिना यायचा जून-जुलैत. मी स्वतः बीड जिल्ह्यातली, घरात कोयता बघत वाढलेली, तरी पहिल्या वर्षी ही गोष्ट माझ्याही डोक्यात आली नाही. मग म्हटलं, मी सुट्टीला गावी जातेच तर तिकडेच भेटते. पण एथिक्स कमिटीची परवानगी दवाखान्यापुरती होती. सुधारित अर्ज, पुन्हा बैठक, यात दोन महिने गेले. तोवर रक्त काही तासांत प्रयोगशाळेत पोचलं पाहिजे ही अट आठवली, म्हणजे रक्त नाहीच. वजन आणि प्रश्नावली एवढंच जमलं.

ते वजन मी नाइलाज म्हणून घेतलं होतं. २०२३ मध्ये झारखंडच्या 'रेशन्स' अभ्यासाचे निकाल आले: क्षयरुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिला तर त्यांच्यात क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. ते वाचल्यावर मी वजनाचा तो रकाना काढून पुन्हा नीट बघितला. माझ्या थीसिसमधलं चौथं प्रकरण त्या रकान्यातून आलं. सायटोकाइन (पेशींमधली निरोप्या प्रथिनं) मोजायच्या ज्या महागड्या किटवर माझा जीव होता, तिने कुठेच काही फरक दाखवला नाही.

किटची गोष्ट निघालीच आहे तर खरेदीचं थोडं. परदेशी अँटिबॉडी मागवली की दोन-तीन महिने धरून चला. कोटेशनं, खरेदी समिती, सरकारी खरेदीचं जेम पोर्टल हे तुमचं काम नाही असं वाटेल, पण पहिल्या महिन्यापासून ते तुमच्याच गळ्यात असतं. जून २०२५ मध्ये संशोधनाच्या खरेदीचे नियम सैल झाले आणि कोटेशनशिवाय घेण्याची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली. आमच्या वेळी ही सोय असती तर माझा एक उन्हाळा वाचला असता. मार्च मात्र तसाच आहे. पैसे कशावर खर्चले ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता लांबतो, म्हणून फेब्रुवारीत अकाउंट्समध्ये चहा घेऊन जा.

मी सोडून आले तेव्हा फ्रीझरचा नकाशा करून ठेवला होता. कोणता रॅक, कोणता डबा, कोणाची नळी, सगळं. त्याचा मला अभिमानही होता. वर्षाने नव्या जेआरएफचा फोन आला.

"ताई, चौदा नंबरच्या डब्यात काही नळ्यांवर 'को' लिहिलंय. एक्सेलमध्ये सापडत नाही. कोविड का?"

"नाही गं," मी म्हटलं. "कोयता. गावी गेलेले ते."