चालू रायझिंग मेनला टॅपिंग करताना जीव कसा सांभाळायचा

मशीन कुठलं आणायचं हे नंतर बघू, आधी हे बघा की चालू लाईनवर टॅपिंग करायची, म्हणजे प्रेशरखालच्या पाईपला भोक पाडून नवी जोडणी काढायची, खरंच गरज आहे का. मैल्याची रायझिंग मेन पंपाने ढकललेली असते, ग्रॅव्हिटी लाईनसारखी अर्धी रिकामी नसते, आणि वेट वेलमध्ये (पंपाआधी मैला साठतो त्या विहिरीत) थोडी जागा शिल्लक असेल तर फ्लो कमी असताना पंप थांबवून, लाईन रिकामी करून साधा टी (तीन तोंडांचा जोड) बसवता येतो. कटकट आहे, वेळ जातो, पण तरी तेच करा. पंप थांबवला की मागचे चेंबर उलटे वाहायला लागणार असतील तरच हॉट टॅपिंगचं, म्हणजे चालू लाईनवरच्या टॅपिंगचं, नाव काढायचं. आणि हे पंप ऑपरेटरला विचारून ठरवा, वेट वेल किती वेळात भरते ते कागदापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

आता "पंप बंद केलाय, या खाली" या वाक्यावर कधीच विश्वास ठेवू नका. पंप बंद झाला तरी रिफ्लक्स व्हॉल्व्हच्या (मैला मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढे चढावर उभा असलेला मैला तिथेच असतो, दर १० मीटर उंचीला साधारण १ किलो प्रति चौरस सेमी प्रेशर, म्हणजे लाईन पुढे ४० मीटर चढत असेल तर पंप बंद असतानाही तुमच्यासमोर ४ किलो उभे आहेत. शिवाय बरेच पंप फ्लोटवर, म्हणजे वेट वेलमधली पातळी वाढली की, आपोआप सुरू होतात. म्हणून स्टार्टरला कुलूप, टॅग, आणि खड्ड्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. पंप चालू ठेवूनच काम करायचं असेल तर काम संपेपर्यंत चालू-बंद करायचा नाही, आणि लाईट गेली की पंप अचानक थांबून वॉटर हॅमर (प्रेशरचा अचानक दणका) बसतो हे धरूनच सॅडल (पाईपभोवती बोल्टने आवळायचा जोड, त्यावर व्हॉल्व्ह बसतो), व्हॉल्व्ह, मशीन (व्हॉल्व्हमधून कटर आत घालून भोक पाडणारं) यांचं रेटिंग निवडायचं. नेहमीच्या गेज रीडिंगवर निवडलं तर तो दणका हिशोबात येतच नाही.

४ किलो ऐकायला किरकोळ वाटतं. पण १५० मिमीच्या तोंडावर तेच प्रेशर जवळपास ७०० किलोचा जोर लावतं, आणि तो सगळा व्हॉल्व्हच्या फ्लँजवर, मशीनच्या बोल्टवर येतो. मशीनचा बार, म्हणजे कटर पुढे-मागे नेणारा दांडा, ५० मिमीचा असेल तर त्याला एकट्याला ८० किलोच्या आसपास मागे ढकलतो, म्हणजे लॉक न लावता कोणी हाताने बार धरला तर तो सरळ छातीत येतो. बारच्या रेषेत मागे कोणीही उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहून काम करायचं, फोटो काढणाऱ्यानेसुद्धा.

पाईप कसला आहे हे ड्रॉईंगवरून ठरवू नका, पूर्ण उघडा करा, घासून साफ करा, बाहेरचा घेर टेपने मोजा. जुन्या लाईनला उंचवट्याच्या जागी हवा अडकते, तिथे हायड्रोजन सल्फाईडचं ॲसिड होतं आणि पाईप वरच्या बाजूने आतून खाल्ला जातो, बाहेरून मात्र एकदम ठणठणीत दिसतो. म्हणून जिथे सॅडल बसणार तिथे अल्ट्रासोनिक मीटरने चारी बाजूंनी जाडी बघा, आणि रीडिंग कमी आलं तर जागा बदला, "बसेल की" म्हणून बोल्ट आवळत बसू नका. ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाईप असेल तर कोरडा ग्राइंडर लावायचाच नाही, ओलं ठेवून आणि योग्य मास्क घालूनच काम. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट असेल तर आत ताणलेल्या तारा असतात, नेहमीचं सॅडल लावून त्या कापणं म्हणजे पाईपच फोडणं, तिथे पाईप बनवणाऱ्याची पद्धत हवी. पीव्हीसी जुना झाला, थंडीत कडक झाला की तडकतो, त्याला त्याचाच कटर, आणि वाकलेल्या पाईपवर नाहीच.

खड्ड्याबद्दल थोडक्यात: दीड मीटरपेक्षा खोल असेल तर शोअरिंग (माती ढासळू नये म्हणून बाजूंना आधार), काढलेली माती काठापासून किमान ६० सेमी लांब, दोन बाजूंना दोन शिड्या. दोन यासाठी की सॅडल सुटलं तर एका बाजूने फवारा येतो आणि नेमकी शिडी तिकडेच असते. पाणी उपसायचा पंप आधीच चालवून बघितलेला हवा, आणि विजेचं जे काही खाली जाईल ते ३० मिलीॲम्पच्या अर्थ लीकेज ब्रेकरमधूनच जाईल.

गॅसवर मात्र थांबून बोलावं लागेल. रायझिंग मेनमध्ये मैला हवा न मिळता तासन्‌तास पडून असतो म्हणून त्यात हायड्रोजन सल्फाईड भरपूर विरघळलेला असतो, आणि लाईनला भोक पडून मैला उसळला की तो एकदम बाहेर येतो, हवेपेक्षा जड असल्यामुळे खड्ड्याच्या तळाशी साचतो, म्हणजे वाकून काम करणाऱ्याच्या नाकापाशीच. सडक्या अंड्याचा वास १ पीपीएमच्याही खाली कळतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच काम करायचं बंद करतं, वास गेला म्हणजे गॅस गेला असं वाटतं आणि माणूस निवांत होतो, ५०० च्या वर काही मिनिटांत कोसळतो, १००० ला तर एक-दोन श्वासांतच. त्यामुळे नाक हे मीटर नाही. चार गॅसचा (ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाईड, मिथेनसारखे पेटणारे गॅस, कार्बन मोनॉक्साईड) डिटेक्टर रोज टेस्ट गॅस देऊन तपासलेला हवा, उतरण्याआधी नळी सोडून वर, मध्ये, तळाशी अशी तिन्ही रीडिंग घ्यायची: ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, हायड्रोजन सल्फाईड १० पीपीएमच्या खाली, आणि मिथेनसाठी स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत. मग डिटेक्टर छातीवर अडकवून काम संपेपर्यंत चालू, ब्लोअर चालू. हवा मारायला ऑक्सिजनचा सिलिंडर आणणारे लोक असतात, त्यांना तिथूनच परत पाठवा. धुळीचा मास्क किंवा रुमाल या गॅसला काहीच करत नाही, गॅस राहणारच असेल तर हवेचा सिलिंडर पाठीवर किंवा एअरलाईन.

आता प्रत्यक्ष काम. सॅडल बसवून बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, व्हॉल्व्ह आणि मशीनचं वजन खालून टेकूवर घ्यायचं, सॅडलवर लटकवायचं नाही. मशीन चढवण्याआधी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बंद करून आटे (किती फेरे फिरतो ते) मोजा, आकडा व्हॉल्व्हवरच खडूने लिहा, पुढे उपयोगाला येतो. मग टेस्ट प्लगमधून पाणी भरून प्रेशर टेस्ट, लाईनच्या जास्तीत जास्त प्रेशरच्या थोडं वर पण सॅडलवाल्याने दिलेल्या मर्यादेत, कारण हे प्रेशर पाईपला बाहेरून दाबतं. टेस्ट पाण्यानेच, हवेने नाही, दाबलेली हवा सुटली तर बॉम्बसारखी सुटते. एक थेंब जरी गळत असेल तरी कापायला सुरुवात नाही.

कापताना कटर किती आत जायला पाहिजे ते आधीच मोजून बारवर खूण करा, म्हणजे समोरची भिंत कापली जाणार नाही. कापून झालं की बार व्हॉल्व्हच्या मागे पूर्ण आला का हे दुसऱ्या खुणेवर बघून मगच व्हॉल्व्ह बंद, आणि आटे मोजून. आटे कमी भरले तर मध्ये काहीतरी अडकलंय, कटर किंवा चिंधी, जोर लावू नका.

आणि इथे माणसं घाई करतात. मशीन काढायच्या आधी ब्लीडर (आतलं प्रेशर सोडायचा छोटा नळ) उघडतात, थेंब येत नाही, "झालं, प्रेशर नाही" म्हणून बोल्ट सोडतात. पाण्याच्या लाईनला हे चालून जातं, मैल्यात ब्लीडर केसाने, चरबीने तुंबतो आणि आत पूर्ण प्रेशर तसंच असतं. ब्लीडरमध्ये तार घालून मोकळा करा, आधी धार येऊन मग थांबली पाहिजे, आणि धार थांबलीच नाही तर व्हॉल्व्ह बसलेला नाही. बोल्ट सोडताना आपल्यापासून लांबचे आधी, सगळे ढिले करून ठेवायचे पण कुठलाच पूर्ण काढायचा नाही, फ्लँज हलवून बघायचा, चेहऱ्यावर शील्ड. निघालेली चकती कटरमध्ये दिसली पाहिजे, नसेल तर ती लाईनमध्ये आहे आणि पुढे कुठेतरी अडकणार, ते तिथल्या तिथे ऑपरेटरला कळवा.

वर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला, त्याला पाना आणायलासुद्धा पाठवायचं नाही. खालचा कोसळला तर त्याने उडी मारायची नाही, हार्नेस आणि ट्रायपॉडने वर ओढायचं आणि रेस्क्यूला फोन. अमेरिकेच्या निऑशने (कामगार सुरक्षेवर संशोधन करणारी सरकारी संस्था) १९८६ मध्येच लिहून ठेवलंय की अशा बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला उतरलेले असतात. म्हणून ट्रायपॉड खड्ड्यावर उभा करून मगच पहिला माणूस खाली.

काम झाल्यावर हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय खाणं, तंबाखू, बिडी काही नाही, जखम आधीच झाकलेली हवी, धनुर्वाताचं इंजेक्शन चालू असावं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत अंगदुखीसकट ताप आला तर डॉक्टरला मैल्यात काम केलं होतं हे आपण होऊन सांगा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका त्यांना लगेच येते, नाहीतर साधा ताप म्हणून गोळ्या घेऊन दिवस जातात.