खानापूरच्या डोंगरगावांत जाताय? या चुका टाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली जांबोटी, कणकुंबीकडची आणि भीमगड अभयारण्यातली गावं आता बऱ्याच जणांना ठाऊक झाली आहेत. लोकांनी जरूर यावं. पण दरवर्षी त्याच चुका बघून जीव कातावतो.

सगळ्यात घातक चूक पावसाळ्यातली. मोबाइलवर जवळचा रस्ता दिसला म्हणून डांबरी रस्ता सोडायचा. नकाशाला मे आणि जुलै सारखेच. एका जुलैत शहरातली तरुण मंडळी चोर्ल्याच्या रस्त्यावरून दिवेलागणीला आत वळली. ओढ्यावरच्या फरशीवरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी चाललं होतं. तिथल्या आजोबांनी हात आडवा केला, "वर पाऊस हाय, आज हितंच ऱ्हावा." "गुडघाभरच आहे काका," म्हणत त्यांनी गाडी घातली. गढूळ पाण्याखाली फरशीची कड खचलेली होती. चाक निसटलं, गाडी कलंडली. दिवसभर चिखलात वाकून लावणी केलेले गडी दोरखंड घेऊन धावले, म्हणून माणसं वाचली. दुसऱ्या दिवशी गाडी ओढण्यात गावाची सकाळ गेली आणि उपटलेली रोपं बांधावर पडून राहिली. एवढी घाई कशासाठी होती?

फरशीच्या दोन्ही कडा दिसल्याशिवाय मी गाडी घालत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात पाऊस कोसळत असू शकतो, म्हणून आभाळ त्या बाजूचं बघायचं. वरचा जोर ओसरला की ओढाही उतरतो. तोवर थांबायचं, अंधार पडला तर मुक्काम करायचा. एका दिवसात चार गावं उरकणाऱ्यांना हे जमत नाही, त्यांनी पावसाळ्यात येऊच नये.

दुसरी चूक, न सांगता जेवायला टपकणं. आतल्या गावांत खानावळी नाहीत. घरात माणसांपुरता भात असतो. "काहीही चालेल" म्हटलं तरी घरची बाई पाहुण्याला नाही म्हणत नाही, स्वतःचं ताट मात्र कमी करते. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगा. मी खानापूरच्या बाजारातून तांदूळ, तेल, गूळ असा शिधा नेतो. पैसे रोख न्या. मोबाइलवरून पैसे द्यायला नेटची रेंज नसते, आणि संकोचापायी कुणी आकडा सांगत नाही. ज्याच्या ओळखीनं गेलात त्याला आधीच विचारून ठेवा.

अभयारण्यातल्या धबधब्यांकडे वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका. बारापेडे गुहांत तर मुळीच शिरू नका, तिथलं राउटनचं वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी उरलंय. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे, तिथं साबण लावून अंघोळ नको. लावणी करणाऱ्या बायांचे फोटो विचारूनच काढा. बाटल्या फोडू नका, त्या शेतात लोक अनवाणी उतरतात.

बसनं आलात तर परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारा.