आजाराआधीचे रक्त: स्वयंप्रतिकार रोग लवकर ओळखणारी रक्तचाचणी कशी विकसित करावी

सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे तासभर आखडलेले असतात, कणीक मळताना मूठ वळत नाही आणि रक्ताच्या अहवालात मात्र काहीच सापडत नाही, असे रुग्ण पुण्यातल्या संधिवाततज्ज्ञांना नेहमी भेटतात. क्ष-किरण चित्रात हाडाची झीज दिसू लागेपर्यंत थांबायचे नसेल, तर रक्तातली खूण त्याआधी पकडावी लागते, आणि स्वयंप्रतिकार रोगांत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते अशा आजारांत, ती असते. अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या सैनिकांचे सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) वर्षानुवर्षे साठवून ठेवले होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढे ल्युपस (अनेक अवयवांवर हल्ला करणारा स्वयंप्रतिकार रोग) झालेल्या १३० जणांचे जुने नमुने तपासण्यात आले, तेव्हा ११५ जणांच्या रक्तात निदानापूर्वीच किमान एक स्वप्रतिपिंड (स्वतःच्याच शरीरावर उलटणारे प्रतिपिंड) आढळले. काहींच्या बाबतीत तर नऊ वर्षांहून अधिक आधी. नेदरलँड्समधील रक्तदात्यांच्या नमुन्यांवरून २००४ साली आमवाताबद्दल, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिसबद्दल, असेच चित्र पुढे आले. म्हणजे खूण आहे की नाही हा प्रश्न जुना झाला. ती कोणाच्या रक्तात, कधी आणि किती खात्रीने ओळखायची, हा खरा प्रश्न आहे. हे टिपण नव्याने या कामात पडणाऱ्या प्रयोगशाळांसाठी आहे.

चाचणी कोणासाठी आहे, हे रसायने मागवण्यापूर्वी ठरवावे. बहुतेक गट हे काम शेवटी करतात आणि तिथेच फसतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या समुदाय-सर्वेक्षणात आमवाताचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळले होते. समजा, आपल्या चाचणीची संवेदनशीलता (खरे रुग्ण पकडण्याचे प्रमाण) ६० टक्के आणि विशिष्टता (निरोगी माणसाला निगेटिव्ह ठरवण्याचे प्रमाण) ९८ टक्के आहे, आणि ती सरसकट १०,००० लोकांवर केली. त्यांत रुग्ण ५०. त्यांपैकी ३० जण सापडतील. उरलेल्या ९,९५० निरोगी लोकांपैकी दोन टक्के, म्हणजे १९९ जण, विनाकारण पॉझिटिव्ह येतील. पॉझिटिव्ह अहवाल हाती घेतलेल्या दर आठ जणांपैकी जेमतेम एक खरा रुग्ण निघेल आणि बाकीचे सात रात्रभर इंटरनेटवर आजार वाचत बसतील. हीच चाचणी सांधे दुखत असल्यामुळे तज्ज्ञाकडे आलेल्या तेवढ्याच लोकांच्या गटावर केली, आणि त्या गटात आजाराचे प्रमाण दहा टक्के असले, तर ७८० पॉझिटिव्ह अहवालांपैकी ६०० खरे ठरतील. चाचणीत तसूभरही बदल झालेला नाही; बदलला तो फक्त गट. म्हणून ‘सर्वांसाठी’ असे उद्दिष्ट लिहू नये. ‘आमवाताच्या रुग्णाचे सख्खे नातेवाईक’ किंवा ‘सहा आठवड्यांहून अधिक काळ सकाळचा आखडलेपणा असलेल्या तीस वर्षांवरील व्यक्ती’ असे एक नेमके वाक्य लिहून ते भिंतीवर चिकटवावे.

त्याच कागदावर दुसरे वाक्य हवे: अहवाल पॉझिटिव्ह आला तर पुढे काय करणार? टाइप १ मधुमेहात याला आता काहीएक उत्तर आहे. ज्या मुलांच्या रक्तात स्वादुपिंडाविरुद्धची दोन किंवा अधिक स्वप्रतिपिंडे आढळतात, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह होतो, आणि तो लांबवणाऱ्या टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. आमवाताच्या पूर्वावस्थेत अबाटासेप्ट हे औषध देऊन पाहणाऱ्या दोन औषधचाचण्यांचे निष्कर्ष २०२४ साली आले. आजार पुढे ढकलला गेला, पण औषध थांबवल्यावर हा परिणाम हळूहळू ओसरत गेला. बाकीच्या बऱ्याच आजारांत आज तरी लक्ष ठेवणे एवढेच हाती आहे. तसे असेल तर प्रकल्पाच्या प्रस्तावात ते प्रामाणिकपणे लिहावे.

यानंतर नमुने. माझ्या मते चाचणीचे निम्मे यश इथेच ठरते, म्हणून इथे जरा रेंगाळतो. प्रस्थापित रुग्ण एका बाजूला आणि धडधाकट विद्यार्थी दुसऱ्या बाजूला अशी तुलना केली, तर जवळपास कोणतीही चाचणी देखणी दिसते. प्रत्यक्षात डॉक्टरला गोंधळात पाडतात ते वेगळेच लोक. पुण्यात पावसाळ्यानंतर चिकनगुनिया होऊन गेलेले आणि महिनोन्महिने सांधे धरून बसलेले रुग्ण असतात. क्षयरोगात आणि कुष्ठरोगात रूमॅटॉइड फॅक्टर हे आमवातात शोधले जाणारे स्वप्रतिपिंड पॉझिटिव्ह येऊ शकतो. क्षयरोगाच्या काही रुग्णांत सीसीपीविरोधी प्रतिपिंड ही आमवाताची दुसरी खूणही दिसते. तुलनेच्या गटात हे सगळे लोक मुद्दाम घ्यावेत. त्यांना वगळून काढलेले युरोपातले आकडे आपल्या दवाखान्यात जसेच्या तसे लागू पडतील, असे मानू नये. आणि आजार होण्यापूर्वीचे रक्त हवे असेल, तर आज निरोगी असलेल्या नातेवाइकांची नोंद करून दर वर्षी त्यांचा नमुना घेण्याला पर्याय नाही. हे काम पाच-सात वर्षांचे आहे. संमतिपत्र मराठीत, सोप्या भाषेत असावे. त्यात नमुना किती वर्षे ठेवणार, पुढे दुसऱ्या संशोधनासाठी वापरणार का, आणि काही आढळल्यास कळवणार की नाही, हे तिन्ही स्पष्ट लिहिलेले असावे. एथिक्स कमिटीच्या लेखी मंजुरीशिवाय पहिली सुई टोचू नये.

रक्त काढल्यावर नळी अर्धा तास उभी ठेवून गोठू द्यावी, दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळे करावे, अर्ध्या मिलिलिटरच्या छोट्या कुप्यांत भरावे आणि उणे ८० अंशांवर ठेवावे. छोट्या कुप्या यासाठी, की एकच नमुना पुन्हा पुन्हा वितळवून गोठवावा लागू नये. वेळेचा नियम शिकायला आम्हांला तीन महिने लागले. आमच्या एका जुन्या प्रकल्पात रुग्णांचे रक्त एप्रिलच्या उन्हात तालुक्याच्या गावाहून गाडीने येत असे. ते पोहोचून सेंट्रिफ्यूजमध्ये जाईपर्यंत सहा तास उलटलेले असत. तुलनेचे रक्त मात्र आमच्याच सहकाऱ्यांचे होते आणि वीस मिनिटांत यंत्रात जात असे. सायटोकाइनच्या (दाहाचे निरोप नेणाऱ्या प्रथिनांच्या) आलेखावर दोन गट इतके स्वच्छ वेगळे पडले, की आम्ही मिसळ मागवून तो दिवस साजरा केला. पुढे एका सहकारी मुलीने स्वतःचे रक्त काढून नळी सहा तास टेबलावर तशीच ठेवली आणि मग तपासली. आमच्या आलेखावर ती ‘रुग्ण’ निघाली. प्रतिपिंडे अशा हेळसांडीला बऱ्यापैकी तोंड देतात, सायटोकाइन आणि कॉम्प्लिमेंट (प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिने) देत नाहीत. दोन्ही गटांचा प्रवास मिनिटांच्या हिशेबाने सारखाच ठेवावा. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे पुणेकराला सांगायला नको. फ्रीझरला जनरेटर हवा आणि आतले तापमान वाढू लागले की मोबाइलवर वाजणारा अलार्मही हवा.

खुद्द चाचणीसाठी सुरुवात एलायझाने (रंग उमटवून प्रतिपिंड मोजण्याच्या पद्धतीने) करावी. ९६ खळग्यांच्या प्लेटवर प्रतिजन (प्रतिपिंड ज्याला पकडते तो रेणू) चिकटवणे, रिकामी जागा अल्ब्युमिनने झाकणे, शंभरपट विरल केलेले सीरम घालणे, धुणे, मानवी आयजीजीला (रक्तातल्या मुख्य प्रतिपिंडाला) पकडणारे, विकर (एन्झाइम) जोडलेले प्रतिपिंड घालणे, पुन्हा धुणे, रंगद्रव्य घालून ४५० नॅनोमीटरवर वाचन घेणे, ही पद्धत सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक असते ती खरी गोम: जंतुसंसर्ग झालेल्या माणसाच्या रक्तात एकूण प्रतिपिंडे वाढलेली असतात आणि ती प्लेटला नुसतीच चिकटतात. म्हणून प्रत्येक नमुना दोन खळग्यांत चालवावा. आमवाताच्या चाचणीत एका खळग्यात सिट्रुलिन (आर्जिनिन या अमिनो आम्लाचे बदललेले रूप; आमवातातली प्रतिपिंडे तेच ओळखतात) असलेले पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा तुकडा, आणि शेजारच्या खळग्यात तेच पेप्टाइड, फक्त सिट्रुलिनच्या जागी आर्जिनिन, असे ठेवावे. दोन्ही खळगे सारखेच पिवळे झाले, तर ते प्रतिपिंड आपल्याला हवे असलेले नाही. प्लेटच्या कडेचे खळगे लवकर तापतात आणि सुकतात. रुग्ण एका कडेला आणि निरोगी मध्ये असे कधीही मांडू नये, मांडणी चिठ्ठ्या टाकून ठरवावी.

अचूकतेसाठी तेच दोन-तीन नमुने वीस दिवस, दिवसातून दोन फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत दोनदा तपासावेत. रक्तपेशी फुटलेले, चरबीमुळे दुधाळ झालेले आणि रूमॅटॉइड फॅक्टर जास्त असलेले सीरम मुद्दाम चालवून निकाल बिघडतो का ते पाहावे.

कट-ऑफ, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधली रेषा, ठरवताना मोह आवरावा. एएनए (पेशीकेंद्राविरुद्धची स्वप्रतिपिंडे) चाचणीत ४० पट विरल केलेल्या सीरमवर निरोगी लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश पॉझिटिव्ह येतात, तर १६० पट विरल केल्यास सुमारे पाच टक्के. रेषा कुठे ओढली यावर अहवालाचा अर्थ फिरतो तो असा. संदर्भगटात त्याच भागातले किमान १२० निरोगी लोक असावेत, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरेसे असावे, कारण हे आजार स्त्रियांत अधिक आढळतात. चाळीस रुग्णांवर पन्नास प्रथिने मोजून संगणकाकडून सूत्र काढून घेतले, तर सूत्र नक्की मिळते. दुसऱ्या रुग्णालयातील नमुन्यांवर ते बहुधा टिकत नाही. म्हणून सूत्र आणि कट-ऑफ तारीख घालून, सही करून बंद करावे आणि मगच वेगळ्या ठिकाणच्या, पूर्वी न पाहिलेल्या नमुन्यांवर चालवावे. यंत्रावर बसलेल्या व्यक्तीला नमुना कोणाचा आहे हे कळता कामा नये. ८० टक्के संवेदनशीलता पाच टक्क्यांच्या मागेपुढे सांगायची असेल, तर साधारण २४६ रुग्ण लागतात. हा आकडा ऐकून अनेकांचा चेहरा उतरतो, पण त्याला इलाज नाही.

विक्रीसाठी किट करायचे असेल, तर वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ लागू होतात. आपली चाचणी जोखमीच्या चार वर्गांपैकी कोणत्या वर्गात मोडते, हे सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामक संस्थेकडून पहिल्या वर्षातच समजून घ्यावे. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारातील, नव्या उद्योगांना हात देणाऱ्या व्हेंचर सेंटरसारख्या ठिकाणी या कागदपत्रांत मुरलेली माणसे भेटतात.

शेवटचे काम अहवालाच्या मजकुराचे. त्यावर नुसते ‘पॉझिटिव्ह’ छापू नये. प्रतिपिंडाचे नाव, मोजलेले प्रमाण, कट-ऑफ आणि ‘हे आजाराचे निदान नाही, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून संधिवाततज्ज्ञांना भेटावे’ असे मराठी वाक्य असावे. हा मजकूर छपाईला देण्यापूर्वी प्रयोगशाळेबाहेरच्या दहा जणांना वाचायला द्यावा आणि त्यांना काय समजले ते विचारावे. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘धोका वाढलेला’ असे शब्द होते, एका आजींनी ते वाचून विचारले, “म्हणजे मला झालाच आहे ना?” तो शब्दप्रयोग त्याच दिवशी काढला.