बूथवर निघण्याआधी यादीत नाव बघा

जिल्हा परिषदेच्या शाळेत होते तोवर निवडणुकीची ड्युटी कधी चुकली नाही. बहुतेक वेळा मी मतदान अधिकारी क्रमांक एक, म्हणजे यादी घेऊन बसणारी. समोरच्याचं ओळखपत्र बघायचं, यादीत नाव शोधायचं आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचायचं.

2019 च्या विधानसभेला चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीवर होते. सकाळी सातला रांगेत पहिलाच उभा होता तो मुंबईहून रात्रीच्या गाडीनं आलेला चाकरमानी. कार्ड लॅमिनेट केलेलं, हातरुमालात गुंडाळून आणलेलं. यादीत थोरल्या भावाचं नाव होतं, वहिनीचं होतं, त्याचं नव्हतं. मी तीनदा पानं उलटली. तो तेच कार्ड पुन्हा पुन्हा माझ्यासमोर सरकवत होता, "बाई, हे काय आहे मग?" काय सांगणार? कार्डानं ओळख पटते, पण मत यादीतल्या नावावरच देता येतं. तो माणूस तसाच परत गेला. म्हणून हे लिहायला बसले.

तर पहिलं काम आजच करा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा आयोगाच्या अ‍ॅपवर नाव शोधा. नेट जमत नसेल तर 1950 ला फोन लावा, नाहीतर गावातल्या बीएलओला, म्हणजे तुमच्या केंद्राच्या यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, गाठा. सापडलं की मतदारसंघ, यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता कागदावर लिहून ठेवा. मागच्या वेळी ज्या शाळेत मत दिलं तीच शाळा यंदा असेल असं धरून चालू नका. नाव नसेल तर फॉर्म 6 भरा. नावात चूक असेल किंवा राहायची जागा बदलली असेल तर फॉर्म 8. लग्न होऊन आलेल्या मुलींची नावं माहेरच्याच यादीत पडून राहतात, तिकडे घरच्यांनी लक्ष द्यावं. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, मग कोणाच्याही ओळखीचा उपयोग नाही. आणि मुंबईत एक, गावी एक अशी दोन नावं ठेवू नका, तो गुन्हा आहे. मत कुठे द्यायचं ते ठरवा आणि दुसरीकडचं नाव स्वतःहून काढून घ्या.

आदल्या रात्री मतदार ओळखपत्र पिशवीत घाला. ते सापडत नसेल तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, बँकेचं किंवा पोस्टाचं फोटो असलेलं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड यांपैकी एक चालतं. झेरॉक्स नको, मूळच घ्या. घरपोच मिळणारी मतदार चिठ्ठी नाव शोधायला फार उपयोगी पडते, पण नुसत्या चिठ्ठीवर मत देता येत नाही. मोबाइल सरळ घरी ठेवा, आत नेता येत नाही.

भातकापणीच्या दिवसांत मतदान आलं तर आमच्याकडे सकाळी झुंबड असते आणि दुपारी दोन-तीनला सामसूम. ज्यांना जमेल त्यांनी तेव्हा यावं. म्हाताऱ्या माणसांना, अपंगांना, कडेवर मूल असलेल्या बाईला रांगेत पुढे सोडतात, मागायला लाजू नका. 85 च्या पुढच्यांना घरून मत देता येतं, पण त्यासाठी 12-ड हा अर्ज निवडणुकीची अधिसूचना निघाल्यावर पाच दिवसांत द्यावा लागतो.

आत गेल्यावर आधी यादी, मग डाव्या हाताच्या तर्जनीला शाई, रजिस्टरात सही किंवा अंगठा. तिथे मिळालेली चिठ्ठी पुढच्या टेबलावर द्यायची, तिथून मशीन सुरू करतात. पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपल्या उमेदवारासमोरचं निळं बटण दाबा. लाल दिवा लागतो. लगेच वळू नका. शेजारच्या यंत्राच्या काचेत छापील चिठ्ठी सात सेकंद दिसते, त्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. एक आजी काचेला जवळजवळ नाक लावून, चिठ्ठी खाली पडेपर्यंत हलली नव्हती. तसंच बघावं. लांब बीप वाजला की मत नोंदलं गेलं.

तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर भांडून घरी जाऊ नका. केंद्राध्यक्षांना सांगा, "मला प्रदत्त मत द्यायचंय." तुमची ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात जाते, मशीनच्या मोजणीत धरत नाहीत. पण निकालाला कोर्टात आव्हान दिलं गेलं तर ती कामी येते, आणि दुसऱ्यानं तुमचं मत घेतलं याची सरकारी नोंद राहते. हा हक्क फार थोड्या लोकांना माहीत असतो.

आणि सहाला पाच मिनिटं असताना धापा टाकत पोचलात, तरी रांगेत उभे राहा. सहाच्या ठोक्याला केंद्राध्यक्ष रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत येतात. चिठ्ठी हातात पडली की कितीही वाजोत, तुमचं मत घेतल्याशिवाय मशीन बंद होत नाही. एकदा आम्ही पावणेआठला बंद केलं होतं.