कंट्रोलरचे लॉगिन पान पाहुण्यांच्या वायफायपासून कसे तोडले

मालवणजवळच्या एका पर्यटक निवासातील वायफायची देखभाल माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात पाहुण्यांच्या वायफायवरून कंट्रोलरचा, म्हणजे सगळ्या वायफाय उपकरणांचे नियंत्रण करणाऱ्या यंत्राचा पत्ता उघडून पाहिला, तेव्हा व्यवस्थापनाचे लॉगिन पान समोर आले आणि तेही एचटीटीपीवर, म्हणजे पासवर्ड उघड्या मजकुरात नेणारे. मला खरोखर धास्ती वाटली.

एचटीटीपी आणि टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची, तशीच उघड्या मजकुराची जुनी पद्धत) लगेच बंद केले. एचटीटीपीएससाठी, म्हणजे एचटीटीपीच्या सुरक्षित रूपासाठी, टीएलएस या सांकेतिकीकरणाच्या पद्धतीची १.२ ही किमान आवृत्ती ठेवली, कारण १.० आणि १.१ या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे कालबाह्य ठरल्या आहेत. वायरलेसवरून व्यवस्थापन करण्याची सोय काढताना मात्र केबलने जोडलेल्या संगणकावरूनच काम करावे, नाहीतर आपणच बाहेर अडकतो. त्यानंतर व्यवस्थापनासाठी वेगळे व्हीलॅन (त्याच जाळ्यातला स्वतंत्र कप्पा) करून एचटीटीपीएसचे ४४३ पोर्ट फक्त कार्यालयातील दोन संगणकांना खुले ठेवले.

खरा वेळ प्रमाणपत्राने घेतला. कंट्रोलरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र स्वस्वाक्षरित, म्हणजे त्याने स्वतःच स्वतःला दिलेले असल्याने ब्राउझर दरवेळी इशारा देई आणि कर्मचारी तो न वाचताच पुढे जात. ही सवय मला उघड्या पोर्टपेक्षाही घातक वाटते. म्हणून प्रमाणपत्रे देणारी आमची अंतर्गत प्रमाणन यंत्रणा उभारून नवे प्रमाणपत्र बसवले. कंट्रोलरचे नाव प्रमाणपत्रातील पर्यायी नावांच्या (SAN) रकान्यात घालणे आवश्यक होते, कारण नाव केवळ ‘सामान्य नाव’ (CN) या रकान्यात असेल तर क्रोम ब्राउझर २०१७ पासून ते ग्राह्य धरत नाही. तरीही वादळात वीज गेल्यावर संगणकाचे घड्याळ मागे पडले आणि प्रमाणपत्र ‘अद्याप वैध नाही’ असे दिसू लागले. एनटीपी (जाळ्यावरून घड्याळ आपोआप जुळवणारी सेवा) जोडल्यावर ती अडचण मिटली.

आता पाहुण्यांच्या वायफायवरून ते पान उघडत नाही.