योक थरथरतोय? पेचकस हातात घेण्याआधीची तयारी

संगणकावरच्या विमान-सिम्युलेटरमध्ये (सिममध्ये) योक (विमानाचं हँडल) किंवा जॉयस्टिक हात न लावता हलल्यासारखी वागायला लागली की पहिला हात जातो तो कॅलिब्रेशनच्या बटणाकडे. तेच सगळ्यात शेवटी करायचं. कॅलिब्रेशन मध्य आणि टोकं नव्याने मांडतं, झिजलेला पॉट (पोटेन्शिओमीटर, दांडीची जागा मोजणारा भाग) किंवा सैल वायर ते दुरुस्त करत नाही. उलट त्या वेळी आकड्याने उडी मारली तर ती उडीच टोक म्हणून धरली जाते आणि खरा दोष झाकला जातो.

आधी एक ठरलेलं चाचणी-उड्डाण तयार ठेवा. सेसना 172, इंदूरचा आपला विमानतळ (सिममध्ये व्हीएआयडी), धावपट्टी 25, वारा शून्य, ऑटो-रडर (रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची फळी, सिमने स्वतः सांभाळणं) आणि ऑटोपायलट बंद. पूर्ण थ्रॉटलला (इंजिनाच्या पूर्ण जोराला) नाक डावीकडे ओढलं तर तो बिघाड नव्हे. पंख्याच्या फिरण्याने ते ओढतंच, उजवा पाय देऊन सावरायचं असतं. पट्टी समुद्रसपाटीपासून साधारण 1,850 फुटांवर आहे, म्हणून 4,000 फुटांपर्यंत चढा, ट्रिम लावा (हात न लावता विमान सरळ राहील अशी बारीक जुळणी) आणि हात सोडा. विमान हळूहळू एका बाजूला कललं तर चालेल, पण झटका बसला तर तो हवेचा नाही, यंत्राचा किंवा त्याच्या जोडणीचा आहे.

आता सिम बंद करा. एक्सबॉक्सचा पॅड, जुनी जॉयस्टिक, पेडल, सगळं काढून फक्त संशयित यंत्र संगणकाच्या मागच्या यूएसबी पोर्टमध्ये लावा. विंडोजच्या रन खिडकीतून जॉय डॉट सीपीएल उघडा. त्यातल्या कॅलिब्रेशनच्या पायऱ्यांमध्ये कच्चे आकडे दाखवण्याची खूण असते. ती करा, आकडे वाचा, आणि काही जतन न करता रद्द करून बाहेर या. शून्य ते 1023 मोजणाऱ्या यंत्रात एक-दोन अंकांची थरथर स्वाभाविक आहे. आकडा 512 वरून एकदम 560 ला जाऊन परत येत असेल तर दोष सापडला. मग नीट बघा: उडी कधी बसते? दांडी प्रत्येक वेळी एकाच जागी आली की, म्हणजे पॉटची कार्बनपट्टी तिथे झिजली आहे (बहुतेक वेळा मधोमध, कारण दांडी सगळा वेळ तिथेच असते). केबल हलवली की, म्हणजे वायर किंवा जोड. सगळे अक्ष (पुढे-मागे, डावी-उजवी अशी हालचालीची प्रत्येक दिशा) एकदम उडतात, म्हणजे वीज किंवा यूएसबी. हे तीन प्रश्न वहीत उत्तरांसह लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. पॉट विनाकारण बदलले जातात ते इथली घाई झाल्यामुळे.

आकडे स्थिर आहेत आणि विमान तरी झटके खातंय? मग यंत्र निर्दोष आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर ओळखीच्या नव्या यंत्राला आपोआप बटणं-अक्ष जोडून टाकतो, त्यामुळे रडर एकाच वेळी जॉयस्टिकच्या पिळाला आणि पेडलला लागलेला सापडतो, आणि दोघं एकमेकांशी भांडतात. नको त्या यंत्राला रिकामं प्रोफाइल (काहीही न जोडलेली मांडणी) द्या.

सगळे अक्ष एकदम उडत असतील तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. थरथर थांबली तर अर्थिंग तपासून घ्या. इंदूरच्या राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या घरांत तिसरी पिन बरेचदा नावापुरतीच असते. पेडल, योक, थ्रॉटल एकाच हबवर असतील तर हबला स्वतःचा ॲडॉप्टर हवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबची वीज वाचवण्याची खूणही काढून टाका.

इतकं झाल्यावर पेचकस. सोबत फिलिप्स पेचकस, मल्टिमीटर, मऊ ब्रश, कॉन्टॅक्ट क्लीनर, झिप टाय, स्क्रू ठेवायला वाटी, आणि उघडताना प्रत्येक थराचा फोटो. पॉट फवारून दांडी टोकापासून टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा आणि सुकू द्या. गंजावरचा तेलकट स्प्रे मात्र मारू नका, त्याचा थर राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. सफाईने काही दिवस सुटतं. झिजलेली पट्टी फवाऱ्याने परत येत नाही. बदलायचा असेल तर जुना पॉट सोडवून त्याच्या बाहेरच्या दोन पायांमधला रोध मोजा, आणि जेल रोडवर (इंदूरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात) जाताना तोच पॉट खिशात ठेवा. मूल्याबरोबर पॉटच्या दांड्याची लांबी, त्याच्या कापाचा आकार आणि लिनिअर (सरळ प्रमाणात बदलणारा) प्रकार हे तिन्ही जुळलं पाहिजे. हॉल सेन्सरच्या (चुंबकाने जागा मोजणाऱ्या) यंत्रात घासणारं काही नसतं. तिथे चुंबकाचा गोंद सुटला आहे का, आणि शेजारी स्पीकर ठेवला आहे का, ते पाहा.

झाकण लावून मग कॅलिब्रेट करा, दांडी सावकाश, जोर न देता टोकाला नेत. मध्यातला डेड झोन (जिथली हालचाल सिम दुर्लक्षित करतो तो पट्टा) दोन-तीन टक्क्यांवर ठेवा. दहा टक्के लागत असतील तर दोष अजून आतच आहे, वही उघडा.